गुहेच्या नकाशातून निघालेला खेळ

९ सप्टेंबर १९७२. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात सहा जणांचं एक पथक जमिनीखालच्या प्रवाहातून छातीभर पाण्यात पुढे सरकत होतं. होकायंत्र, मोजपट्टी आणि मोजणीची वही हे त्यांचं सामान. आघाडीवर असलेल्या जॉन विल्कॉक्सला दिव्याच्या उजेडात समोर एक कठडा दिसला. तो पर्यटकांसाठी बसवलेला, मॅमथ या प्रसिद्ध गुहेतला कठडा होता. म्हणजे ते उतरले होते शेजारच्या फ्लिंट रिज गुहेत आणि निघाले मॅमथमध्ये. दोन्ही गुहा आतून एकच आहेत हे तिथे सिद्ध झालं. सुमारे २३० किलोमीटर लांबीची ती जोडगुहा जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा ठरली.

पथकात पॅट्रिशिया क्राउथर होत्या. आधीच्या एका मोहिमेत एका अतिशय चिंचोळ्या फटीतून अंग चोरून त्याच पलीकडे गेल्या होत्या आणि म्हणूनच पुढची वाट सापडली होती. त्यांचे पती विल क्राउथर हेही गुहा धुंडाळणारे. व्यवसायाने ते प्रोग्रामर होते. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट १९६९ मध्ये ज्या बीबीएन कंपनीने उभं केलं, तिथल्या मूळ चमूतले ते एक. सुट्टीत हे जोडपं गुहेत उतरून मोजमापं घेई आणि घरी आल्यावर टेलिटाइप यंत्रावरून ती कंपनीच्या संगणकात भरी. कोन, अंतर, चढउतार यांच्या आकड्यांतून गुहेचा नकाशा कागदावर उमटे. संगणकावरच्या साहसखेळांचं मूळ या नकाशात आहे. ते राजपुत्र, राक्षस आणि खजिन्यांत शोधायला जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

याच सुमारास इकडे बुलडाणा जिल्ह्यात, आमच्या लोणारला, वेगळीच मोजणी चालली होती. बेसाल्टच्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, दीडशे मीटरच्या आसपास खोली, कडेला आजूबाजूच्या रानापेक्षा उंच उचललेला काठ आणि तळाशी खारं पाणी. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. त्यानंतरची बरीच वर्षं अभ्यासकांचा कौल ज्वालामुखीकडेच होता, कारण भोवतालचा सगळा दख्खन लाव्हारसाचाच बनलेला. १८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने लोणारचं साम्य ॲरिझोनातल्या विवराशी दाखवलं. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ यांनी उल्काघाताची शक्यता मांडली. निकाल मात्र जमिनीत भोकं पाडल्यावरच लागला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था यांनी तळ्याच्या तळाशी वेधनं घेतली. जवळजवळ शंभर मीटर गाळ गेला आणि त्याखाली चुरा झालेला, प्रचंड दाबाच्या धक्क्याने ज्याचे स्फटिक काचेसारखे झाले आहेत असा बेसाल्ट हाती लागला. ज्वालामुखीच्या उद्रेकात असा दाब निर्माण होत नाही. १९७३ च्या मे महिन्यात फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख ‘सायन्स’मध्ये छापून आला आणि लोणार हे बेसाल्टमधलं उल्काविवर असल्याचं जगाने मान्य केलं.

केंटकी आणि लोणार यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. पण दोन्हीकडे माणसं एकच काम करत होती. खाली उतरायचं, मोजायचं, खूण करायची, नकाशावर मांडायचं आणि कोडं सुटेपर्यंत सोडायचं नाही. केंटकीतल्या त्या कामातून पुढे एक खेळ निघाला.

१९७५-७६ च्या सुमारास विल आणि पॅट्रिशिया वेगळे झाले. गुहेच्या मंडळींत पूर्वीसारखं जाणं विलना जड होऊ लागलं. दोन लहान मुली भेटायला येत, त्यांना खेळता येईल असं काहीतरी करावं म्हणून त्यांनी पीडीपी-१० या संगणकावर फोरट्रान भाषेत एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही. आपण कुठे उभे आहोत ते दोनचार वाक्यांत सांगितलं जाई. पुढे काय करायचं ते खेळणाऱ्याने एकदोन शब्दांत टंकायचं. उत्तरेला जा. दिवा घे. खाली उतर. संगणकाचा गंध नसलेल्यालाही घाबरायला होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

रानातल्या छोट्या इमारतीपासून सुरुवात होते. ओढ्याच्या कडेने गेलं की जमिनीत बसवलेली कुलूपबंद लोखंडी जाळी लागते आणि तिच्याखाली गुहा. ही गुहा मनातली नव्हती. मॅमथ परिसरातल्या बेडक्विल्ट या भागाचा तो जवळजवळ जसाच्या तसा आराखडा होता. खेळातल्या एका खोलीत कातळावर ‘वाय-टू’ एवढीच खूण आहे. ती मोजणी करणाऱ्यांची खरी खूण, दुय्यम प्रवेशद्वारासाठी वापरलेली. हा खेळ तोंडपाठ असलेल्या माणसाला प्रत्यक्ष बेडक्विल्टमध्ये वाट ओळखता आली, ही आठवण गुहाभटक्यांमध्ये अजून सांगितली जाते.

क्राउथर यांनी खेळ अर्धवट सोडला. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स या विद्यार्थ्याला तो कुठल्याशा यंत्रावर सापडला. त्याला तो वाढवायचा होता, पण लेखकाचा ठावठिकाणा माहीत नव्हता. मग त्याने नेटवर्कवर तेव्हा असलेल्या प्रत्येक यंत्रावर ‘क्राउथर’ या नावाने पत्र धाडलं. एक पत्र पोचलं, परवानगी मिळाली. वुड्सने त्यात समुद्री चाचा, पुलावरचा राक्षस, आणखी खजिने आणि ३५० गुणांची मोजणी घातली. खऱ्या गुहेच्या सांगाड्यावर कल्पित गोष्टी चढल्या आणि ‘कलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ संगणक असलेल्या विद्यापीठांतून हातोहात पसरला.

त्यातलं एक कोडं अजून माझ्या आवडीचं आहे. वाटेत साप आडवा येतो, पुढे जाऊ देत नाही. मागच्या एका दालनात पक्षी असतो. पिंजराही मिळालेला असतो, तरी पक्षी हाताला लागत नाही. कारण आपल्याकडे असलेल्या काळ्या काठीला तो भितो. काठी खाली ठेवायची, पक्षी पिंजऱ्यात घ्यायचा, सापासमोर सोडायचा. साप पळतो. या कोड्यात बळाला जागा नाही. हातातली वस्तू सोडून दिल्याशिवाय पुढची मिळत नाही, हे खेळणाऱ्याच्या ध्यानात यावं लागतं.

आणि तो चकवा! प्रत्येक दालनाचं वर्णन अक्षरशः सारखं, त्यामुळे आपण पुढे गेलो की फिरून तिथेच आलो हे कळायला मार्ग नाही. खेळणाऱ्यांनी उपाय शोधला. जवळच्या वस्तू एकेका दालनात टाकत जायचं. इथे दिवा, तिथे किल्ल्या, पलीकडे अन्न. मग कागदावर गोल काढायचे, बाण काढायचे आणि हळूहळू वाटा उकलायच्या. गुहेतले मोजणीदार दगडावर खूण करून जे करत, तेच विद्यार्थी टर्मिनलपुढे करू लागले. क्राउथर यांचा नकाशा खेळात लपला होता आणि खेळणारे तो नकाशा नव्याने काढत होते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जगभर वह्यांच्या मागच्या पानांवर असे लाखो चौकोन आणि बाण निघाले असतील.

एमआयटीतल्या टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग यांनी हा खेळ फस्त केला आणि १९७७ मध्येच ‘झॉर्क’ लिहायला घेतला. त्यातून १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी निघाली. झॉर्कला पूर्ण वाक्यं कळत. इन्फोकॉमकडे अडलेल्या खेळाडूंची इतकी विचारणा येई की इशाऱ्यांच्या पुस्तिकाच विकायला काढल्या गेल्या. त्या अदृश्य शाईने छापलेल्या असत. सोबतच्या पेनाने जेवढं घासाल तेवढंच उमटे. आधी हलकी सूचना, मग स्पष्ट सूचना, शेवटी उत्तर. किती मदत घ्यायची ते अडलेल्याने ठरवायचं. अडलेल्या माणसाचा मान राखून मदत करण्याची याहून चांगली तऱ्हा मला माहीत नाही.

१९८० मध्ये रोबर्टा आणि केन विल्यम्स या जोडप्याने ‘मिस्ट्री हाउस’मध्ये साध्या रेषांची चित्रं आणली. १९८४ मध्ये त्यांच्या सिएरा कंपनीचा ‘किंग्ज क्वेस्ट’ आला. सिएराच्या खेळांत पदोपदी मरण असे. सुरुवातीला एखादी वस्तू उचलायची राहिली, तर ते चार तासांनी, परत फिरणं अशक्य झाल्यावर कळे. हा अन्याय आहे, असं रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये लेख लिहून रोखठोक मांडलं आणि पुढच्याच वर्षी ‘सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ काढून दाखवला. त्यात बारीकसारीक चुकीपायी मरण नव्हतं आणि परतीचे दोर कापलेले नव्हते. या वादात मी पूर्णपणे गिल्बर्ट यांच्या बाजूचा आहे.

लोणारच्या माणसाने आणखी एका खेळाची नोंद घ्यायला हवी. लुकासआर्ट्सचा १९९५ चा ‘द डिग’. मूळ कल्पना स्टीव्हन स्पिलबर्ग यांची. पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या ॲटिला नावाच्या लघुग्रहाला स्फोटकं लावून त्याची वाट बदलायला अंतराळवीर जातात, अशी सुरुवात. पुढे परग्रहावर एका कासवासारख्या प्राण्याची विखुरलेली हाडं जुळवायची असतात. इथे असंख्य लोक अडले. उत्तर दुसरीकडे खडकातल्या जीवाश्मात होतं. तो नीट पाहून, लक्षात ठेवून तसा सांगाडा मांडावा लागे. वेधनातून निघालेल्या खडकाचे तुकडे पाहून आघाताचा इतिहास जुळवणारे शास्त्रज्ञ याहून वेगळं काय करतात?

हे सगळं चालू असताना आपल्याकडे काय होतं? क्राउथर यांच्या पीडीपी-१० च्याच घराण्यातलं डेक सिस्टिम-१० हे यंत्र सत्तरच्या दशकात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात आलेलं होतं. पण ते संशोधनाचं आणि मोजक्यांच्या वाट्याचं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. त्याची धुरा सांभाळणारे विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तालुक्याच्या गावात मात्र संगणक दिसला तो मुख्यतः छपाईच्या दुकानात, लग्नपत्रिका जुळवण्यासाठी, आणि नंतर, २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघून एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव सुरू झाल्यावर.

या वर्गांत आणि शहरांतल्या सायबर कॅफेंत आमची पिढी ज्या खेळांवर वाढली ते होते ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. खोक्यात बंद, पुस्तिकेसकट आलेला खेळ क्वचितच कोणी पाहिला. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवून घेतलेली प्रत, तीही अर्ध्यात बॅड सेक्टर लागून फुकट जाणारी. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी केलेला ‘प्रिन्स’ काटेकोर वर्गवारीत साहसखेळ ठरत नाही, कारण त्यात धावणं, उड्या आणि तलवारबाजी आहे. पण त्यातली कोडी त्याच जातीची आहेत. साठ मिनिटांत बारा टप्पे. चौथ्या टप्प्यात धावत उडी मारून आरशातून पलीकडे गेलं की राजपुत्राची सावली त्याच्यापासून सुटते आणि पुढे त्यालाच छळते. बाराव्या टप्प्यात ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलं तर आपणच मरतो. तलवार म्यान केली की दोघे एक होतात. सापासमोरच्या पक्ष्याचीच युक्ती, बऱ्याच वर्षांनी. हे ज्याला सुचलं त्याने दुसऱ्याला सांगितलं, त्याने तिसऱ्याला.

सांगण्यासारखं पुष्कळ असे. डॉसवर नुसतं नाव न टंकता पुढे ‘मेगाहिट’ हा शब्द जोडला तर शिफ्ट आणि एल दाबून टप्पे ओलांडता येतात, हे ज्ञान जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणारा कुणीतरी सुट्टीत घेऊन येई. मेमरी कमी पडते असा संदेश आला की ६४० केबीची मर्यादा आडवी आली आहे हे ओळखायचं. मग कॉन्फिग फाइलमधल्या ओळी एकेक करून वगळायच्या, चुकलं तर संगणक सुरूच व्हायचा नाही म्हणून आधी तिची प्रत ठेवायची. साउंड कार्डाचा आयआरक्यू कधी ५, कधी ७ देऊन पाहायचा. वेगाचा घोळ सर्वांत चमत्कारिक. जुने खेळ वेळ मोजायला संथ प्रोसेसरच्या चालीवर विसंबलेले, त्यामुळे नव्या यंत्रावर ते वाऱ्यासारखे पळत आणि माणूस हाताला लागायच्या आत मरे. त्यासाठीच जुन्या खोक्यांवर टर्बो नावाचं बटण होतं, ज्याने यंत्र मुद्दाम मंद करता येई. एमएस-सीआयटीत शिकलेलं बरंच काही विसरलं गेलं असेल, पण संगणक आतून कसा चालतो याची जाण या खटाटोपातून आली.

पुढे विंडोज बदलत गेलं आणि हे खेळ चालेनासे झाले. कंपन्या मिटल्या किंवा विकल्या गेल्या. इन्फोकॉम तर १९८६ मध्येच ॲक्टिव्हिजनकडे गेली होती. खेळ जिवंत ठेवले ते खेळणाऱ्यांनी. २००१ मध्ये लुडविग स्ट्रिगियस आणि व्हिन्सेंट हॅम यांनी स्कमव्हीएम सुरू केलं. लुकासच्या खेळांच्या मूळ फाइली वाचून नव्या यंत्रावर तेच खेळ हुबेहूब चालवणारा हा प्रोग्राम. नंतर त्यात सिएराचे आणि इतर पुष्कळ खेळ आले. २००२ मध्ये डॉसबॉक्स आलं. त्याने जुना संगणकच नव्याच्या पोटात उभा केला. त्यात खेळ फार पळू लागला तर कंट्रोल आणि एफ-११ दाबून वेग उतरवायचा, रेंगाळला तर एफ-१२. टर्बो बटणाचंच काम. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा सुंदर खेळ त्याच्या निर्मात्यांनी २००३ मध्ये कायदेशीररीत्या मोफत केला. ज्याला या प्रकाराची ओळख करून घ्यायची आहे त्याने तिथून सुरुवात करावी.

मूळ खेळाचं काय झालं? क्राउथर यांनी लिहिलेली, वुड्सने हात लावण्याआधीची प्रत हरवली असंच सगळे धरून होते. डेनिस जर्झ या अमेरिकन प्राध्यापकाने पाठपुरावा केल्यावर ती स्टॅनफर्डमध्ये वुड्सच्या विद्यार्थीदशेतल्या खात्याच्या जतन केलेल्या प्रतीत सापडली. जर्झ तेवढ्यावर थांबले नाहीत. ते केंटकीला जाऊन प्रत्यक्ष गुहेत उतरले आणि खेळातली वर्णनं आणि खरी दालनं एकापुढे एक ठेवून तपासली. २००७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तीस वर्षांपूर्वीची वाक्यं आणि दगड जुळत होते. २०१२ मध्ये मेकनर यांनाही आपल्या ‘प्रिन्स’चा मूळ प्रोग्राम वडिलांकडे एका खोक्यातल्या जुन्या फ्लॉपींवर मिळाला आणि जाणकारांच्या मदतीने त्यांनी तो वाचवून सर्वांसाठी खुला केला.

क्राउथर यांच्या खेळाकडे बघताना मला लोणार दिसतं, याचं कारण नुसती गावची ओढ नाही. साहसखेळाला जे लागतं ते इथे मोजून तयार आहे. गावात दैत्यसूदनाचं मंदिर, काठावर गोमुखाची अखंड धार, तिथून विवरात उतरणारी पायवाट, झाडीत लपलेली पडकी देवळं, तळ्याकाठी कमळजा देवी. जवळच खाऱ्या-गोड्या पाण्याची सासू-सुनेची विहीर. पलीकडे अंबर तळं आणि निजलेला मारुती. केंटकीच्या खेळात गुहेच्या तोंडावर लोखंडी जाळी आहे, आमच्या कथेत लवणासुराच्या भुयारावर झाकण आहे आणि विष्णूने ते पायाच्या अंगठ्याने उडवलं. कोडीही खरी आहेत. काठाचे थर उलटे का झुकले? पाणी इतकं क्षारीय का? २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी का झालं? त्याचं उत्तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत शोधलं. आघाताचं वय अगदी ५२ हजार वर्षांपासून ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत निघालं आहे. असं कोडं कुठल्याही लेखकाला आयतं मिळत नाही.

मराठीत शब्दांवर चालणारा खेळ लिहिणं सोपं नाही. इंग्रजी खेळात वस्तूचं नाव बदलत नाही. आपल्याकडे ‘दिवा’ हा ‘दिव्यात तेल घाल’ म्हणताना ‘दिव्यात’ होतो, ‘विहीर’ ही ‘विहिरीत’ होते, आणि प्रोग्रामला ही सगळी रूपं एकाच वस्तूची आहेत हे शिकवावं लागेल. काम किचकट आहे, अशक्य नाही. ग्रॅहम नेल्सन यांची इन्फॉर्म ही प्रणाली १९९३ पासून याच कामासाठी मोफत मिळते आणि मूळच्या इंग्रजी प्रणालीत इतर भाषांच्या व्याकरणाची भर घालण्याची प्रथा तिथे आहे. हुकूम टंकायचे नसतील तर ख्रिस क्लिमस यांचं २००९ चं ट्वाइन आहे, त्यात आजही देवनागरीत थेट लिहिता येतं.

लोणार, मेहकर, बुलडाण्याच्या महाविद्यालयांतल्या संगणकाच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी हे एकत्र हाती घ्यावं, अशी माझी विनंती आहे. पायवाट आधी पायांनी मोजा, प्रत्येक वळणाची नोंद करा, देवळांची अंतरं आणि दिशा खऱ्या ठेवा आणि असुर, खजिने वगैरे नंतर घाला. सुरुवात गोमुखापासून करा. लोणार २००० पासून अभयारण्य आणि २०२० पासून रामसर स्थळ आहे, तेव्हा उतरताना वन विभागाचे नियम पाळा आणि तिथला दगड जागेवरून हलवू नका. वस्तू उचलायच्या त्या फक्त खेळात.